पाऊण इंच

"हलव. कानाशी धर आणि हलव," दादा म्हणाला.

मी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे गोल्फमधला सर्वांत लांब फटक्याचा क्लब, उलटा केला, त्याचं डोकं कानाशी धरलं आणि हलवलं. आत काहीतरी खुळखुळलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं. आतला डिंक सुटलाय, त्याचा खडा झालाय. दहा मिनिटांचं काम."

"आज चार वाजता माझी परीक्षा, आणि ह्याच्या डोक्यात खडा!" दादा स्टुलावर टेकला. "मारताना वाजतो. लक्ष जातं."

"तुझं लक्ष? तुझ्या शेजारी तोफ उडाली तरी तू..."

"आता जातं," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

मी गोल्फच्या मैदानावर क्लब दुरुस्त करतो. दुकानाच्या मागे एक चिंचोळी खोली आहे, तिच्यात एक टेबल, एक पकड, एक करवत, चेंडू मारून बघायला एक जाळं आणि मी. सव्वीस वर्षं झाली. मला सगळे भिंगरी म्हणतात, कारण माझ्या पायाला ती जन्मापासून लागलेली आहे. मी जेवतोही फिरत फिरत. बायको म्हणते, तुमचं ताट वाढायचं नसतं, तुमच्या मागे पळवायचं असतं.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तो समोरच्या सरावाच्या मैदानावर शिकवतो. त्याला सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांचा फटका कसा, तर दहा चेंडू मारले की दहाही एकाच चादरीवर पडावेत. त्याच्या जुन्या लाकडी ड्रायव्हरच्या तोंडावर, म्हणजे चेंडू लागतो त्या बाजूला, रुपयाएवढा एकच खळगा पडलाय. बाकी सगळं तोंड नव्यासारखं. तो ड्रायव्हर माझ्याच भिंतीवर टांगलाय. मैदानावर आलेला प्रत्येक जण तो खळगा बोटाने चाचपून बघतो.

तर परीक्षा. नव्या मॅनेजरबाईंनी नियम काढला होता: शिकवणाऱ्या प्रत्येकाने ड्रायव्हरने दहा चेंडू मारून दाखवायचे. पांढऱ्या खांबांच्या दोन रांगांमध्ये आणि पिवळ्या झेंड्याच्या पलीकडे सात तरी पडले पाहिजेत. नाही पडले तर शिकवणं बंद, चेंडूंच्या खिडकीवर बसायचं. म्हणजे आपलेच विद्यार्थी येणार, आणि आपण त्यांच्या हातात चेंडूंची बादली ठेवणार. दादा आणि चेंडूंची खिडकी!

दोन वर्षांपूर्वी असता तर त्याने डोळे झाकून दहा टाकले असते. पण मागच्या वर्षी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दोन महिन्यांत उठला, चालायला लागला, शिकवायलाही लागला. लोक म्हणाले, मास्तर लोखंडाचे आहेत. मीही म्हणालो.

"दोन-तीन मारून दाखव जाळ्यात," मी म्हणालो. "कुठल्या बाजूला खुळखुळतं ते कळू दे."

ही थाप होती. खडा कुठे आहे हे मला बोटांनीच कळलं होतं. मी त्याच्या नकळत ड्रायव्हरच्या तोंडावर पांढरी पावडर फवारली. चेंडू जिथे लागतो तिथे पावडरीत ठसा उमटतो, आमच्या धंद्यातला हा एक्स-रे. दादाने तीन मारले. मी ड्रायव्हर हातात घेतला आणि पाठ फिरवून बघितलं. एक ठसा दांड्याच्या बाजूला, एक खाली, एक पार टोकाला. मध्ये काहीही नाही.

"काय रे?" दादाने विचारलं.

"काही नाही. खडाच आहे."

"मग खडा काढ. आणि ऐक," त्याने माझ्याकडे बोट रोखलं. "बाकी कशाला हात लावायचा नाही. मी तुला ओळखतो. तुला नट दिसला की हात शिवशिवतो."

तो सकाळच्या शिकवणीला गेला. जाताना पायरीवर त्याने कठड्याला हात लावला. लावला आणि लगेच काढला.

मी टेबलाभोवती चार फेऱ्या मारल्या. पाचवी मारणार तेवढ्यात वकीलसाहेब दारात.

"भिंगरी, लांब जात नाही रे! वीस पावलं वाढवून दे."

"साहेब, वीस पावलं काय मागता, आधी चेंडू झाडीत जायचा थांबवा."

"झाडीत गेला तरी लांबच्या झाडीत जाऊ दे."

मैदानावर येणारा प्रत्येक जण हेच मागतो. लांब सगळ्यांना हवं, सरळ कोणालाच नको. खरं तर हल्लीच्या ड्रायव्हरमध्ये दोन्हींची सोय केलेली असते. डोकं मोठं आणि आतून पोकळ. तोंडाचा पत्रा इतका पातळ, की चेंडू लागला की डब्याच्या झाकणासारखा आत दबतो आणि टक्कन बाहेर येतो, चेंडूला फेकतो. हे झालं लांब जाण्याचं. आणि पत्रा पातळ करून जे वजन वाचलं, ते लावतात कडांना आणि पार मागे. का? तर दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेतलेल्या माणसाला खांद्यावर धक्का मारून बघा. तो गर्रकन फिरत नाही. तसंच चेंडू चुकून टोकाला लागला, तरी हे डोकं फारसं वळत नाही. शिवाय तोंड वरून सपाट दिसलं तरी मुद्दाम जरासं फुगीर ठेवलेलं असतं. टोकाला लागलेला चेंडू आधी बाहेर निघतो आणि मग हवेत स्वतःच वळून मध्ये येतो. माणसाची चूक पोटात घालायची म्हणून एवढं सगळं केलेलं असतं. पण आमचे साहेब लोक येतात आणि म्हणतात, वजन पुढे आण, पुढे आणलं की लांब जातो.

जातो ना. चेंडू बरोब्बर मध्ये लागला तर जातो.

दादाच्या ड्रायव्हरला खालून दोन स्क्रू होते, एक तोंडाजवळ आणि एक मागे. जड स्क्रू त्याने पहिल्यापासून पुढे ठेवला होता. बरोबरच होतं, त्याचा चेंडू मध्येच लागायचा. लागायचा!

वकीलसाहेबांना उद्या या म्हणून कटवलं. मग मागच्या भोकातून चिकट रसायन आत सोडलं आणि ड्रायव्हर तिरका धरून ठेवला, म्हणजे खडा मागच्या भिंतीला, दांड्याकडच्या अंगाला चिकटून बसेल. खुळखुळ बंद. इथे थांबायला हवं होतं. पण पाना हातात होताच. मी जड स्क्रू मागे नेला आणि हलका पुढे आणला. चेंडू आता जरा उंच जाईल, जरा सरळ जाईल. दादाचा वेग कमी झालाय, त्याला उंचीच हवी. एवढं त्याला कळणारही नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

दहा वाजता वहिनी आली. दादा गोळी विसरला होता, ती द्यायला. गोळीबरोबर इस्त्री केलेला मोठा पांढरा रुमालही होता.

"भाऊजी, हे त्यांना द्या. मी मैदानावर गेले तर म्हणतील, परीक्षेला आईला घेऊन आला."

"बस ना वहिनी."

"तुम्ही बसा आधी, मला बघून चक्कर येते." ती हसली. मग दाराशी थांबली. "भाऊजी, आज सकाळी त्यांनी मला हाक मारली. मनगटाचं बटण लागत नव्हतं. सदतीस वर्षांत पहिल्यांदा. बोलले काहीच नाहीत, नुसता हात पुढे केला."

ती गेली आणि मला राहवेना. दांडा आखूड केला की डोकं हातांच्या जवळ येतं आणि चेंडू मध्ये लागण्याची शक्यता वाढते. शंभर जणांना मी हे सांगितलंय आणि शंभरांनी नको म्हटलंय, कारण आखूड दांडा म्हणजे म्हातारपण. डोक्याला हात लावायची गरज नव्हती, मुठीच्या बाजूने कापायचं. जुनी रबरी मूठ फाडली, करवत घेतली, पाऊण इंच कापला. दुतर्फी चिकटपट्टी गुंडाळली, तिच्यावर रसायन ओतलं आणि नवी मूठ सर्रकन चढवली. सव्वादहा वाजले होते. ही मूठ वाळायला चार तास लागतात. चारला परीक्षा. बक्कळ वेळ होता.

अकराला भिंतीवरचा फोन वाजला. मॅनेजरबाई होत्या.

"चारला कमिटीची मीटिंग लागलीय. परीक्षा बाराला घेतेय. मास्तरांना निरोप दिलाय. त्यांचा क्लब तुमच्याकडे आहे ना? तयार ठेवा."

मूठ हातात धरून पिळून बघितली. फिरली. केसभर, पण फिरली.

आता इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. सव्वीस वर्षांपूर्वी मी ह्या खोलीत नवीन होतो, हाताखाली. दादा तेव्हा खेळायचा. व्यावसायिक खेळाडूंच्या निवडीची फेरी होती आणि त्याच्या लाकडी ड्रायव्हरचं डोकं सैल झालं होतं. म्हाताऱ्या मिस्त्रीने बजावलं होतं, आदल्या दुपारीच चिकटव, एक दिवस तरी वाळायला लागतो. मी आदल्या दुपारी कुठेतरी भटकत होतो. चिकटवलं त्या दिवशी सकाळी. पहिल्याच फटक्याला चेंडू जागच्या जागी राहिला आणि डोकं चाळीस पावलांवर जाऊन पडलं. लोक पोट धरधरून हसले. दादाच्या हातात नुसती काठी.

मिस्त्री तावातावाने आला, हे काम कोणी केलं म्हणून. मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "मीच. घरी नेऊन मीच बसवलं. हौस." माझी नोकरी राहिली. त्याची निवड गेली, परत कधी आली नाही. तो शिकवायला लागला. तेच डोकं मी पुढे नीट वाळवून बसवलं आणि त्याने ते वर्षानुवर्षं वापरलं. त्या दिवसाबद्दल मात्र तो मला एका शब्दाने बोलला नाही. एकदा जरी कडाडला असता ना, तर मला बरं वाटलं असतं.

आणि आता सव्वीस वर्षांनी मी पुन्हा ओली मूठ हातात घेऊन उभा! उभा कुठला, नाचत होतो. गरम हवेचं यंत्र मारलं. बाहेरचं रबर तापलं, आतली पट्टी ओलीच. पंख्याखाली धरली. फुंकर मारली, लहान मुलाच्या गुडघ्यावर मारतात तशी. दुसरी मूठ चढवावी तर तीही ओलीच राहणार. दुकानातला दुसरा ड्रायव्हर द्यावा तर दादाने आयुष्यात परका ड्रायव्हर हातात धरलेला नाही. पाऊण तासात मी त्या खोलीत किती मैल चाललो असेन, देव जाणे.

पावणेबाराला दादा आला. मागे त्याचे चार-पाच विद्यार्थी आणि बघ्यांमध्ये सर्वांत पुढे वकीलसाहेब. मी गोळी दिली, पाणी दिलं, रुमाल दिला. रुमाल त्याने खिशात घातला. मग ड्रायव्हर घेतला आणि कानाशी हलवला.

"गेली खुळखुळ."

"गेली."

"बाकी कशाला हात लावला नाहीस ना?"

आता सांगायचं. दादा, मूठ ओली आहे, अडीच वाजेपर्यंत वेळ मागून घे. एवढी दोन वाक्यं. पण मागे वकीलसाहेब उभे, विद्यार्थी उभे, आणि सांगायचं म्हणजे दांडा का कापला तेही सांगायला लागणार. तुझा चेंडू मध्ये लागत नाही, हे मी त्याला त्याच्या विद्यार्थ्यांसमोर सांगू?

"नाही," मी म्हणालो. टेबलाला टेकून उभा होतो.

दादाने माझ्याकडे क्षणभर बघितलं. "बरं," म्हणाला आणि निघाला.

मी मागोमाग गेलो. कुंपणाशी उभं राहवेना, म्हणून कुंपणाच्या कडेने येरझारा घालायला लागलो. मॅनेजरबाई पाटी-पेन्सिल घेतल्यासारख्या हातात कागद घेऊन उभ्या होत्या. बाई वाईट नव्हत्या, नियमाच्या होत्या.

दादाने पहिला चेंडू टीवर, त्या छोट्या लाकडी खुंटीवर, ठेवला आणि मूठ पकडली. त्याची बोटं एकदा वरपासून खालपर्यंत फिरली. ज्याने सहा वर्षं एकच दांडा धरलाय, त्याला पाऊण इंच म्हणजे घराची एक पायरी गायब. तरी त्याने मारला. फटक्याच्या क्षणी मूठ हातात फिरली. चेंडू उजवीकडच्या खांबांवरून थेट झाडीत.

"मास्तर," मॅनेजरबाई म्हणाल्या, "क्लबमध्ये काही बिघाड आहे का? असेल तर दुसरा घ्या. हा चेंडू मोजत नाही."

दादाने मुठीकडे बघितलं. मग मान वळवून कुंपणापाशी मला शोधलं. मी ओरडणारच होतो, बाई, चूक माझी आहे. देवाशप्पथ, शब्द ओठांवर आला होता.

"बिघाड नाही," दादा म्हणाला. "आज सकाळी मीच नवी मूठ घालून घेतली. मीच घाई केली. चेंडू मोजा."

त्याने खिशातून वहिनीचा रुमाल काढला, झटकून उलगडला आणि मुठीभोवती घट्ट गुंडाळला.

"हे चालतं?" बाईंनी विचारलं.

"चालतं!" वकीलसाहेब गरजले. "मुठीला रुमाल गुंडाळायला नियमात मनाई नाही. लिहून देऊ?"

"नको," बाई म्हणाल्या. "मारा मास्तर."

आता उरलेल्या नवांतले सात हवे होते. दुसरा आत पडला. तिसरा आत. चौथ्याला आवाज बद्द आला. मला आवाजावरून कळतं, दांड्याच्या बाजूला लागला होता. चेंडू डावीकडे निघाला आणि मग हवेत हळूच वळून खांबांच्या आत येऊन पडला. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मास्तरांनी मुद्दाम वळवला. पाचवा झेंड्याच्या अलीकडेच पडला. सहावा आत, सातवा आत. आठवा मात्र इतका टोकाला लागला, की कुठलाच ड्रायव्हर त्याला आत आणू शकला नसता. दादाने खांद्याने घाम पुसला. मग ड्रायव्हर पायाशी टेकवून उजवा हात त्याच्यावर दाबून धरला.

दोन उरले आणि दोन्ही हवे होते. मी चालायचा थांबलो नाही, थांबलो असतो तर पडलो असतो. नववा उंच गेला, जुन्या दिवसांत गेला नसता इतका उंच, आणि खांबाला घासून आत उतरला. दहाव्याला पुन्हा तोच बद्द आवाज. चेंडू बाहेर निघाला, वळला, खाली आला, टप्पा पडला. बाई स्वतः चालत झेंड्यापर्यंत गेल्या आणि वाकून बघितलं.

"पलीकडे आहे," त्या तिथूनच ओरडल्या. "एक पाऊल. सात!"

काय कल्ला झाला! वकीलसाहेबांनी दादाला मिठी मारली आणि मला ओरडून सांगितलं, "भिंगरी, मला अगदी अस्साच बनवून दे!" दादा सगळ्यांशी हसून बोलला, पण रुमाल सोडून त्याने ड्रायव्हरच्या डोक्यावर टाकला होता आणि डोकं छातीशी धरलं होतं. तसाच तो माझ्या खोलीत आला आणि दार लोटून घेतलं.

"किती कापलास?"

"पाऊण इंच."

"जड स्क्रू मागे नेलास."

"हो."

"मी काय सांगितलं होतं?"

"खडा काढ, बाकी हात लावू नकोस." मी टेबलाला एक फेरी मारली. "दादा, तेव्हापण माझीच चूक, आजपण माझीच. तू दर वेळी का रे घेतोस अंगावर? मला झोप लागत नाही त्याने. निदान एकदा शिव्या तरी घाल."

"तुला शिव्या घालायच्या तर आधी पकडायला लागतो," तो म्हणाला. "माझ्यात आता तेवढी पळायची ताकद नाही." आणि त्याने ड्रायव्हर टेबलावर ठेवला. "एक वाजता शिकवणी आहे. तोवर पुसून ठेव."

मी रुमाल उचलला. परीक्षेचे चेंडू नवे कोरे होते, त्यांचा पांढरा ठसा काळ्या पत्र्यावर उठलेला होता. मी मोजले. वर, खाली, टोकाला, दांड्यापाशी, पेरल्यासारखे दहा ठसे. मध्ये, जिथे भिंतीवरच्या त्या लाकडी ड्रायव्हरला खळगा होता, तिथे पत्रा स्वच्छ काळा होता.

दादा दाराशी पाठमोरा उभा होता.

"मध्ये किती लागले रे?"

"तीन," मी म्हणालो.

तो कडीवर हात ठेवून म्हणाला, "लहानपणापासून बघतोय. खोटं बोलताना तू एका जागी उभा राहतोस. मघाशीपण राहिला होतास."

त्याने दार उघडलं. बाहेर त्याचे विद्यार्थी वाट बघत होते. पायरीवर त्याने कठडा धरला, ह्या वेळी खाली उतरेपर्यंत धरला, आणि मग ताठ चालत गेला.

मी रुमालाने ठसे पुसायला घेतले. एक वाजेपर्यंत पुसत होतो, त्याच जागी उभा राहून.